आम्ही काल नव्वद केले

"आम्ही काल नव्वद केले," असं आमच्या शेजारच्या वहिनी लिफ्टमध्ये सांगतात तेव्हा नवख्या माणसानं दचकू नये. नव्वद किलोमीटर सायकल दादांनी मारलेली असते. वहिनींनी शेवटची सायकल चालवली ती कॉलेजात, पुढे बास्केट लावलेली. पण क्रियापद कायम अनेकवचनी. "जोतिबाचा चढ आता आम्हाला काही वाटत नाही." "पोहणं अजून कच्चं आहे आमचं." स्पर्धेच्या तोंडावर सराव मुद्दाम कमी करतात, तेव्हा आवाज खाली आणून, "सध्या टेपर चाललंय आमचं."

कोल्हापुरात ही जमात हल्ली वाढली आहे. 2015 साली मिलिंद सोमणनं झ्युरिकला पूर्ण आयर्नमॅन केली, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ, 2019 साली गोव्यात मिरामारला निम्म्या अंतराची स्पर्धा भरली, आणि चाळिशी ओलांडलेले आमचे डॉक्टर, वकील, इंजिनियर पहाटे राजाराम तलावात उतरू लागले. त्यांचे फोटो पेपरात येतात, दातात मेडल धरलेले. तो फोटो ज्यांनी काढलेला असतो, त्यांच्यापैकी एक म्हणजे वहिनी.

पहाटे चारचा गजर दादांच्या उशाशी होतो आणि उठतात वहिनी. मग त्या दादांना उठवतात. सायकल दिवाणखान्यात असते. पाहुणे आले तर पाहुणे सरकतात, सायकल नाही. पावसाळ्यात ती तिथंच स्टँडवर चढते, दादा दोन-दोन तास जागच्या जागी पॅडल मारतात, आणि खाली घामासाठी अंथरलेली चादर लग्नात आहेर आलेली असते. रविवारी तांबडा-पांढरा होतो, पण दादांच्या ताटात उकडलेला बटाटा. "कार्ब्ज," वहिनी आम्हाला समजावतात, आणि आमच्या वाटीत पांढरा रस्सा वाढता वाढता दादांकडे बघत नाहीत.

घरात विरोधी पक्ष एकच, सासूबाई.

"पयल्या नंबराला काय देत्यात?"

"नंबराचं नसतं आई, पुरं करायचं असतं."

"आन् पुरं केल्यावर?"

"मेडल."

"पैसं?"

"पैसे आपण भरायचे."

किती भरायचे, ते सासूबाईंना अजून कळलेलं नाही.

एका वर्षी गाडी चालवायला म्हणून मी दादा-वहिनींबरोबर गोव्याच्या स्पर्धेला गेलो. डिकीत पंप, जादा पंप, व्हॅसलिन, मिठाच्या गोळ्या, आणि एक पितळी डबा भरून धपाटे. घाट उतरेपर्यंत मला सगळे आकडे पाठ झाले: पोहणं 1.9 किलोमीटर, सायकल 90, धावणं 21.1, एकूण मुदत साडेआठ तास. पोहायला 1 तास 10 मिनिटं. त्यात नाही आलात तर सायकलला हात लावायचा नाही, घरी जायचं. दादा मागच्या सीटवर डोळे मिटून पडले होते. ताण आला होता. कुणाला ते सांगायला नको.

स्पर्धेच्या सकाळी समुद्रात शेकडो टोप्या दिसतात आणि सगळ्या सारख्याच. "ते बघा हे! डावा हात जरा वाकडा पडतो," म्हणत वहिनी किनाऱ्यावरून टोपीच्या बाजूनं धावल्या, ओरडल्या, व्हिडिओ काढला. टोपी बाहेर आली तेव्हा ती एका दाक्षिणात्य गृहस्थांच्या डोक्यावर होती. त्यांनी हात जोडून आभार मानले. दादा तोवर आमच्या पाठीमागून सायकलीकडे निघून गेले होते.

बघणाऱ्याची खरी गोष्ट हीच. साडेसात-आठ तासांत आपला माणूस दिसतो जेमतेम चार-पाच मिनिटं, तीही पाठमोरी. उरलेल्या वेळात करायचं काय? वहिनी मोबाईलवरचा ठिपका बघतात. ठिपका हलला नाही की पंक्चर. ठिपका हलला की, "नेटवर्क नव्हतं हो, मला वाटलंच." शेजारी उभ्या असलेल्या कुणालाही त्या नियम समजावतात: पुढच्या सायकलीच्या मागे चिकटून वारा चुकवायचा नाही, 12 मीटर अंतर हवं. "आमच्या ह्यांना तो प्रश्न नाही. ह्यांच्या पुढं कोण नसतंच." क्षणभर थांबून, "सगळे फार पुढं असतात."

पण त्यांचं खरं भांडण दुसऱ्या नियमाशी आहे. बाहेरच्या माणसानं स्पर्धकाला काहीही द्यायचं नाही. पाणी नाही, केळं नाही, काही नाही. हे कोल्हापूरच्या बाईला सांगणं म्हणजे कमाल आहे. ऑक्टोबरच्या उकाड्यात दादा मान टाकून धावत आले, वहिनींनी धपाट्याचा घास पुढं केला, आणि दादा ओळख नसल्यासारखे तोंड फिरवून गेले. "बाद करतील!" एवढंच ओरडले.

"लग्नात चारशे माणसांसमोर माझ्या हातनं घास घेतला होता," वहिनी म्हणाल्या. मी समुद्राकडे बघितलं.

यावर वहिनींकडे इतिहासाचा दाखला तयार असतो. 1978 साली हवाईला पहिली आयर्नमॅन झाली, 15 जण उतरले, 12 जणांनी पुरी केली. तेव्हा ज्यानं त्यानं आपली मदतीची माणसं आणायची असत. जॉन डनबार सायकल संपेपर्यंत पुढं होता. धावताना त्याच्या माणसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला चक्क बिअर पाजली. तो दुसरा आला. "पाणी मोजून नको घ्यायला? त्या गड्यांच्या एका चुकीपायी आम्हाला शिक्षा!" नियम त्यामुळे आला असं काही नाही, पण वहिनींशी वाद कोण घालणार.

धपाटे वाया गेले नाहीत. बॅरिकेडवरच्या पोलिसानं दोन खाल्ले, पाण्याच्या टेबलावरच्या कॉलेजच्या पोरांनी सहा-सात, आणि कडेवर पोर घेतलेल्या एका पुण्याच्या बाईंनी रेसिपी लिहून घेतली. त्यांचे "अहो" अजून सायकलवरच होते. मुलाची वाट बघणारे एक निवृत्त गृहस्थ स्टॉपवॉच बंद करायला विसरून धपाटा खात बसले. दुपारी दोनपर्यंत अख्ख्या त्या कोपऱ्याला वहिनींनी जेवू घातलं होतं. उपाशी फक्त दादा.

दादांनी स्पर्धा मुदतीत पुरी केली. शेवटच्या रेषेवरचा फोटो मात्र नाही. वहिनींचा फोन नेमका तेव्हा बंद पडला, दिवसभर ठिपका बघून. मेडल त्यांनी नंतर पार्किंगमध्ये पुन्हा घालायला लावलं, आणि दोन्ही हात वर करून धावत यायलाही. दादांना धावता येत नव्हतं. तरी आले.

तुमच्या ओळखीत असं जोडपं असेल तर अभिनंदनाचा फोन वहिनींना करा. दादा झोपलेले असतात, आणि कुठल्या टप्प्याला किती मिनिटं लागली ते त्यांना तसंही आठवत नसतं.