ठोके किती?

काळजी करण्यात आमच्या पिढीच्या बायका तरबेज, पण आमच्या काळजीला आकडा नव्हता. माझ्या वेळी सिस्टर पोटावर एक नळकांडं टेकवायच्या, त्याला कान लावायच्या, मनगटी घड्याळाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "छान आहेत ठोके." संपलं. ते ऐकण्याचा मान त्यांच्या एकटीच्या कानाला. पॅरिसच्या पिनार नावाच्या डॉक्टरांनी १८९५ साली ते नळकांडं काढलं, हे मला आता लेकीकडून कळतंय. ती बाळंतपणाला माहेरी आली आहे आणि रात्री झोप येत नाही म्हणून वाचत बसते.

तिला नववा लागलाय, त्यामुळे आमची एनएसटीची, म्हणजे बाळाच्या ठोक्यांच्या तपासणीची, वारी सुरू आहे. जेली लावून पोटावर दोन पट्टे बांधतात. एक बाळाचे ठोके टिपतो, दुसरा पोट कधी घट्ट होतंय ते. हातात बटण देतात, बाळ हललं की दाबायचं. उताणं झोपायचं नाही, डाव्या कुशीवर रेलायचं, नाहीतर गर्भाशयाच्या भाराने मोठी शीर दबते. मग खोलीभर धाडधाड ठोके ऐकू येतात आणि यंत्रावर आकडा नाचू लागतो. ११० ते १६० मधलं काहीही चालतं, असं डॉक्टरांनी चारदा सांगितलंय. पण पलीकडच्या खाटेवरच्या बाळाचे १५२ आणि आमचे १३०, हे दिसल्यावर त्या मुलीच्या सासूबाईंनी माझ्याकडे असं काही बघितलं, की आमचं बाळ पहिल्याच परीक्षेत मागे पडलं.

परवा तर आकडा धाडकन ८२ वर आला. माझ्या पोटात गोळा. सिस्टरनी पट्टा दोन बोटं खाली सरकवला आणि म्हणाल्या, "घाबरू नका आजी, बाळ सरकलंय. हे तुमच्या मुलीचेच ठोके." अजून आजी व्हायची होते, पण पदवी आधीच मिळाली.

खरी गंमत यंत्रातून निघणाऱ्या कागदाच्या पट्टीवर. जावई ती पट्टी शेअर बाजाराचा आलेख बघावा तशी बघतात. एकदा रेघ अगदी सरळ, शांत चालली होती. मी मनात म्हटलं, किती गुणी बाळ! तर सिस्टरच्या कपाळावर आठी. सरळ रेघ इथे नापसंत. वीस मिनिटांत निदान दोनदा ठोके पंधराने वाढले पाहिजेत आणि पंधरा सेकंद तरी टिकले पाहिजेत. शिवाय मधल्या वेळातही रेघ बारीक बारीक थरथरती हवी. बाळाच्या मज्जासंस्थेचा एक भाग ठोके वाढवू बघतो, दुसरा आवरू बघतो. त्यांची ही ओढाताण कागदावर दिसली, की मेंदूला प्राणवायू नीट पोचतोय असं समजायचं. जन्मभर मुलांना "एका जागी स्वस्थ बस" म्हणत आलेल्या बाईला हे पचायला जड जातं.

त्या दिवशी बाळ नुसतं झोपलं होतं. पोटातली झोप वीस-चाळीस मिनिटांची असते, म्हणून मुक्काम वाढला. बाळ उठलं तशी रेघ उसळली, लेकीने बटण दाबदाब दाबलं आणि सिस्टर चहाला गेल्या.

यंत्र नळकांड्यापेक्षा सरस का, तर त्याचं उत्तरही सरळ नाही. डब्लिनमध्ये जवळजवळ तेरा हजार बायकांवर याची तुलना झाली होती, ती १९८५ साली छापून आली. कळांच्या वेळी सतत यंत्र लावलेल्या गटात नवजात बाळांना झटके येण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं, मृत्यू मात्र दोन्हीकडे सारखेच. वाचून मला माझ्या सिस्टरचा अभिमान वाटला. मग लेकीने पुढचं वाचलं: तिथे एका बाईपाशी एक सुईण पूर्ण वेळ, दर पंधरा मिनिटांनी ठोके ऐकणारी. आपल्याकडे एका सिस्टरच्या वाट्याला किती खाटा असतात ते आठवलं आणि म्हटलं, असू दे बाई यंत्र.

जावयांनी घरीही एक खिशातलं यंत्र मागवलं. त्यात नुसती सूं-सूं. डॉक्टरांनी ते कपाटात ठेवायला लावलं. घरी ठोके ऐकू आले म्हणून निर्धास्त राहायचं नाही, बाळाची हालचाल कमी वाटली तर अपरात्रीसुद्धा तडक दवाखान्यात यायचं, हे मात्र त्यांनी हसत नाही, दरडावून सांगितलं.

विहीणबाईंचा प्रश्न वेगळाच. रोज फोन, "ठोके किती?" आवाज साखरेचा, पण हिशेब जुना: एकशे चाळीसच्या वर मुलगी, खाली मुलगा. त्यात तथ्य नाही, हे लेकीने त्यांना समजावलं. मुलगा की मुलगी हे सांगायला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, हे मी सुचवलं. "अगं बाई, मी कुठे काय विचारलं!" असं उत्तर आलं. शेवटी जावयांनी अख्ख्या पट्टीचा फोटोच आईला पाठवला. त्यात ठोके १२६ पासून १५८ पर्यंत मनसोक्त हिंडलेले. दहा मिनिटांत फोन वाजला. "अहो विहीणबाई," त्या हादरलेल्या आवाजात म्हणाल्या, "जुळी आहेत का?"