आगोट

कॅलिफोर्नियात पावसाचं अप्रूप असतं, कारण तो पाहुण्यासारखा येऊन जातो. २०२३च्या जानेवारीत मात्र तो बिछाना घेऊनच आला. आमच्या फ्रीमाँटच्या घराचं नुकसान म्हणाल तर कुंपणाची एक फळी निखळली आणि कढीपत्त्याची कुंडी आडवी झाली. तेवढ्यावर अमेरिकेच्या आयकर खात्यानं आम्हाला आपद्‌ग्रस्त ठरवलं! ना अर्ज, ना पंचनामा. रिटर्नवरचा पत्ता आपत्ती जाहीर झालेल्या काउंटीतला असला की झालं. राज्यातल्या ५८ पैकी ५५ काउंट्या त्यात बसल्या.

रिटर्न भरायची १८ एप्रिलची मुदत आधी १५ मेवर गेली, मग थेट १६ ऑक्टोबरवर. मी आमचा पावत्यांचा डबा पुन्हा फडताळात ठेवला. हा बिस्किटांचा निळा, गोल डबा. मूळचा सुई-दोऱ्याचा, पावत्या त्यात पोटभाडेकरू.

रत्नागिरीहून आईचा फोन आला. मी मोठ्या खुशीत मुदतीचं सांगितलं. ती म्हणाली, "मग आत्ताच करून टाक की." तिला मुदतवाढ हा प्रकार ठाऊकच नाही. मे महिन्यात रतांबे फोडायचे, आमसुलं वाळवायची, लाकडं पडवीत रचायची. मृगाला कोणी अर्ज करत नाही. आगोटीची बेगमी एका रात्रीत होत नसते, हे तिच्या हातांना माहीत आहे.

माझ्या हातांना नव्हतं. १६ ऑक्टोबरच्या संध्याकाळी डबा उघडला, तर दुकानांच्या निम्म्या पावत्यांवरची अक्षरं उडालेली. एकेक कागद दिव्यासमोर धरून वाचत होतो, तेवढ्यात मित्राचा निरोप : आजच जाहीर झालंय, १६ नोव्हेंबरपर्यंत मुदत. मी डबा मिटला. बायको नुसती बघत राहिली. त्यापेक्षा बोलली असती तर बरं.

शेवटी १५ नोव्हेंबरच्या रात्री हिशेब लागला. देणं काहीच नव्हतं, उलट परतावा निघाला. म्हणजे सात महिने मी माझेच पैसे सरकारकडे ठेवून सवलतीचा आनंद लुटत होतो.

हसू आलं, आणि पाहारो आठवलं. आमच्यापासून दीड तासावरचं, स्ट्रॉबेरीच्या शेतमजुरांचं गाव. मार्चमध्ये नदीचा बांध फुटला आणि पाणी घराघरांत शिरलं. मुदत त्यांच्यासाठी होती. ज्यांचे कागद चिखलात गेले त्यांच्यासाठी. माझे कागद कोरडे होते. आळसाला तेवढा सरकारी शिक्का मिळाला.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी डबा ओट्यावर उपडा करतो. पावत्यांचे फोटो काढतो, देणग्या वहीत मांडतो. पगारातून कापायच्या कराचा आकडाही एकदा बसून नीट करून घेतला. परवा आईनं विचारलं, "आगोट झाली का रे तुझी?" म्हटलं, "थोडी थोडी वाळत घालतोय."

डब्यात सध्या फक्त सुई-दोरा आहे. घर परत मिळालं म्हणून तो खूश असावा.