श्टुटगार्टच्या घरी लॅपटॉप येतो, त्याचे सविस्तर वर्णन

श्टुटगार्ट, ९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आबा व आई यांस शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

लॅपटॉप ही वस्तू परदेशातील मराठी कुटुंबात एकाच्या पैशाने, साऱ्या गोतावळ्याच्या मताने आणि भलत्याच कुणाच्या तरी उपयोगासाठी घेतली जाते. घरात चालता लॅपटॉप असताना दुसरा कशाला, अशी विचारणा सांगलीहून झाली होती. तिचे उत्तर क्रमवार पुढीलप्रमाणे.

जुने यंत्र २०१४ सालचे. ते चालते, याबद्दल वाद नाही. त्याचा पंखा सुरू झाला की पलीकडच्या खोलीतही कळते की ते चालते आहे. परंतु मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नित्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय व साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. जुन्याकडे दोन्ही नाही. युरोपातल्या घरगुती ग्राहकांना सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२६ पर्यंत फुकट मिळण्याची सोय आहे. ही बाब गृहस्थांनी कुटुंबाच्या बैठकीत मांडली. गृहिणी, थोरली आणि धाकटा असे तिघे विरुद्ध गेले आणि ठराव बारगळला.

मग मुहूर्त. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला, गुरुवारी आला. त्या दिवशी दुकाने उघडी होती, पण कोणता घ्यावा यावर एकमत नव्हते. दुसऱ्या दिवशी जर्मन एकीकरणाची सुट्टी, म्हणजे दुकाने बंद. रविवारी तर ती बंदच असतात. पुण्याच्या मामांचे म्हणणे, २८ नोव्हेंबरच्या ब्लॅक फ्रायडेपर्यंत थांबावे. साडेतीन मुहूर्तांत ब्लॅक फ्रायडे बसत नाही, असे आईंनी फोनवरून निक्षून सांगितल्यामुळे उरलेला अर्धा मुहूर्त, म्हणजे २२ ऑक्टोबरचा दिवाळी पाडवा, मुक्रर झाला. ऑनलाइन खरेदीत मुहूर्त कोणता धरायचा हा प्रश्न मात्र शास्त्रकारांनी सोडवलेला नाही. ऑर्डर दिली ती वेळ, खात्यातून पैसे गेले ती, की वस्तू दारात आली ती? शिवाय भारतातली तिथी धरायची की जर्मनीतली? तूर्त बटण दाबण्याची वेळ प्रमाण मानली आहे. पैसे दोन दिवसांनी गेले, पण लक्ष्मी घराबाहेर जाण्याला मुहूर्त नसतो.

निवडीचा भाग सर्वांत लांबला. यंत्राची पारख मोजक्या गोष्टींवरून होते. रॅम १६ जीबी असावी. ८ जीबीत आज काम भागते, पण दोन वर्षांनी कुरकुर सुरू होते, आणि पातळ लॅपटॉपांत ती पुष्कळदा मदरबोर्डलाच जोडलेली असल्याने मागाहून वाढवता येत नाही. साठवणीसाठी ५१२ जीबीची एसएसडी. पडदा १४ इंची: सेंटिमीटरच्या या देशातही पडदा इंचातच आणि कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात. वजन दीड किलोच्या आत, कारण तो थोरलीच्या दप्तरात जाणार. एवढे ठरवायला एक संध्याकाळ पुरते. उरलेला वेळ सल्लागार घेतात.

सल्लागारांचे तीन प्रकार आढळतात. पहिला प्रकार हिंजवडीचा: तो प्रोसेसरचे नाव ऐकून नुसते "हं" म्हणतो, आणि त्या "हं"चा अर्थ लावण्यात पुढचे चार दिवस जातात. दुसरा प्रकार धाकट्याचा: त्याला ग्राफिक्स कार्ड हवे असते, आणि ते इतिहासाच्या प्रकल्पासाठी कसे अपरिहार्य आहे हे तो पटवून देऊ शकतो. तिसरा प्रकार सर्वांत प्रभावी, तो फक्त किंमत विचारतो. जर्मनीतली किंमत ऐकताच सांगलीत, साताऱ्यात आणि पुण्यात एकाच क्षणी तिचा रुपयांत गुणाकार होतो. या वर्षी युरो शंभर रुपयांच्या वर गेल्यापासून तो ज्याला पाढे येत नाहीत त्यालाही जमतो. पुढे दोन शून्ये लावली की झाले. नऊशे युरो हा आकडा फोनवर उच्चारल्यानंतर पलीकडे जी शांतता पसरली, तिचे श्रेय दशमान पद्धतीला आहे.

खरेदी दुकानात करावी की ऑनलाइन, यालाही दोन बाजू आहेत. दुकानात यंत्र हातात घेऊन पाहता येते, पण घासाघीस चालत नाही. छापलेल्या किमतीत १९ टक्के मूल्यवर्धित कर धरलेलाच असतो, आणि "शेवटचे किती?" या प्रश्नावर विक्रेता तीच पट्टी पुन्हा मोठ्याने वाचून दाखवतो. कव्हर तरी फुकट द्या, एवढा प्रयत्न गृहिणीने केला. त्यावर त्याने कव्हरांचा विभाग कुठे आहे ते अत्यंत सौजन्याने सांगितले. ऑनलाइन घेतल्यास मात्र वस्तू मिळाल्यापासून १४ दिवसांत, कोणतेही कारण न देता, ती परत करण्याचा हक्क कायदा देतो. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी वाचत मोठ्या झालेल्या माणसाचा यावर विश्वास बसायलाच त्यातले काही दिवस जातात. मुळात सदोष निघालेल्या मालाबद्दल विक्रेत्याची जबाबदारी दोन वर्षे राहते, ती वेगळी. पावती जपून ठेवणे आले. ती देवघराच्या खणात, पंचांगाखाली आहे.

कर वाचवण्याची एक युक्ती मामांनी सुचवली होती. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या पाहुण्याला ५० युरोंहून मोठ्या खरेदीवरचा हा कर परत मिळू शकतो, तेव्हा उन्हाळ्यात आबा-आई आले असतानाच त्यांच्या नावावर लॅपटॉप घ्यायला हवा होता. युक्ती बिनतोड आहे. फक्त तिच्यात एक अट आहे: वस्तू त्याच पाहुण्याच्या सामानातून, ठरलेल्या तीन-एक महिन्यांत, संघाबाहेर गेली पाहिजे. म्हणजे कर वाचतो, लॅपटॉप सांगलीत पोचतो आणि थोरलीचा अभ्यास श्टुटगार्टला राहतो.

पार्सल शुक्रवारी आले, तेव्हा घरी कुणी नव्हते. अशा वेळी पोस्टमन वस्तू शेजाऱ्यांकडे ठेवून चिठ्ठी लावतो, ही इथली रीत. त्यामुळे लॅपटॉपचा गृहप्रवेश प्रथम खालच्या मजल्यावरील जर्मन आजींच्या घरात झाला. तो आणायला गेलेल्या धाकट्याच्या हाती करंज्यांची ताटली देण्यात आली, आणि रिकामी ताटली परत येताना तिच्यात बिस्किटे आली. हे कलम कुठल्याही कायद्यात नाही, पण दोन्ही देशांत पाळले जाते.

पूजेची पद्धत येथे थोडी बदलून घ्यावी लागते. स्वस्तिक काढा, असे आईंनी बजावले होते. जर्मनीत नाझींच्या चिन्हांचे सार्वजनिक प्रदर्शन हा दंडसंहितेच्या ८६ अ कलमाखाली गुन्हा आहे. मंगलचिन्ह म्हणून काढलेले स्वस्तिक ही निराळी गोष्ट खरी, पण तो निराळेपणा वर्गात, बसमध्ये आणि वाचनालयात दर वेळी समजावत बसणे थोरलीला परवडणारे नाही. म्हणून 'श्री' काढला, तोही खोक्यावर. हळद-कुंकूसुद्धा खोक्यालाच वाहिले. यूएसबीच्या छिद्रात गेलेले कुंकू बाहेर काढण्याचे साधन अद्याप बाजारात नाही. उदबत्ती एकच आणि खिडकीशी, कारण इथल्या घरांत छताला धूरसूचक बसवावेच लागतात आणि त्यांना धार्मिक धूर ओळखता येत नाही. नारळ फोडायचा राहिला तो रविवार असल्यामुळे. रविवारी इमारतीत ठोकाठोक केलेली चालत नाही.

यानंतर मांडणी. यंत्र सुरू होताच भाषा, देश, कळफलक, वायफाय आणि मायक्रोसॉफ्टचे खाते या क्रमाने विचारते. मधल्या परवानग्यांच्या पडद्यांवर "नको" हे उत्तर निःशंक द्यावे. जाहिरातींसाठी ओळख देण्यास नकार दिल्याने कुणालाही वाईट वाटत नाही. मग अद्ययावत होण्याचे काम चालते. त्या वेळात स्वयंपाक होतो, जेवण होते आणि भांडीही घासून होतात.

सर्व झाल्यावर धाकट्याने शोधून काढले की ५१२ जीबी सांगितलेली एसएसडी ४७६ जीबीच दाखवते. फसवणूक झाली, परत करा, १४ दिवस आहेतच, अशी एकच हाकाटी झाली. वास्तविक यात लबाडी नाही. उत्पादक एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात. विंडोज मात्र १०२४ च्या पटीत मोजते, त्यामुळे तिचा जीबी सुमारे १०७ कोटी बाइटांचा होतो. माल तितकाच, माप मोठे. सांगलीच्या बाजारात शेर आणि किलो यांचा संसार पाहिलेल्या आबांना हे एका वाक्यात समजले. हिंजवडीला मात्र दोनदा समजवावे लागले.

कळफलकाचा विषय सविस्तर घेणे भाग आहे. जर्मन कळफलकावर वाय आणि झेड यांनी जागा बदललेल्या असतात. आधी इंग्रजी मांडणी निवडून गृहिणीने रोमन लिपीत 'गणपतीबाप्पामोरया' असा पासवर्ड ठेवला; प्रवेशाच्या पडद्यावर मांडणी जर्मन होती. टिंबे दिसतात, अक्षरे दिसत नाहीत. बाप्पाचा जयघोष 'मोरझा' असा होत होता आणि यंत्र भक्ती अमान्य करत होते. (तो पासवर्ड आता बदलला आहे, फोनवर नवा विचारू नये.)

मराठीसाठी विंडोजमध्ये दोन मार्ग आहेत. उच्चारानुसार रोमन अक्षरे दाबून देवनागरी उमटवणारा कळफलक २०१९ पासून अंगभूत मिळतो, आणि तो मुलांना चटकन जमतो. दुसरा इनस्क्रिप्ट, जो १९९१ च्या भारतीय मानकात आहे. त्यात स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. ही मांडणी कळेवर काय छापले आहे ते पाहत नाही, कळेची जागा पाहते. त्यामुळे जर्मन लॅपटॉपवर मोठी मौज होते. टिंबवाल्या ओ वर 'च' येतो, टिंबवाल्या ए वर 'ट', टिंबवाल्या यू वर 'ड', आणि 'ब' हवा असेल तर झेड दाबायचा. 'चटणी' हा शब्द त्यामुळे दोन जर्मन टिंबवाल्या स्वरांनी सुरू होतो. वाऱ्यातला 'ऱ्या' काढायला शिफ्टसह जे दाबून 'ऱ', मग डी वर हलन्त, मग संयोगचिन्हाच्या कळेवर 'य' आणि ई वर काना, असा प्रवास करावा लागतो. देवनागरी अक्षरांच्या चिकटपट्ट्या कळांवर लावण्याचा प्रस्ताव आला होता, पण एका कळेवर जर्मन, इंग्रजी आणि मराठी अशी तीन अक्षरे झाल्यावर कळ दिसेनाशी होते. हे पत्र इनस्क्रिप्टवर लिहिले आहे आणि त्याला दोन संध्याकाळी लागल्या.

सांगलीशी बोलण्यासाठी कॅमेरा लावला. तो पडद्याच्या वरच्या कडेला असतो, आणि लॅपटॉप टेबलावर ठेवला की खालून वर पाहतो. म्हणूनच गेल्या वेळी आईंना छताचा दिवा, नातवाच्या नाकपुड्या आणि सुनेचा आवाज एवढेच मिळाले. उपाय सोपा आहे: कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर येईल इतके जाड काही खाली ठेवावे. सध्या जर्मन शब्दकोशाचे दोन खंड ठेवले आहेत. आणल्यापासून त्यांचा झालेला हा पहिला उपयोग. २६ ऑक्टोबरला इथली घड्याळे तासभर मागे गेली आहेत, तेव्हा आता फरक साडेतीन नव्हे, साडेचार तासांचा. इथे पाच वाजता लावलेला फोन तिथे साडेनऊला वाजतो, म्हणजे आबांच्या झोपेवर. यापुढे शनिवारी आणि रविवारी इथल्या दुपारी दीडला, सांगलीच्या सहाला, लावला जाईल.

जुना लॅपटॉप कचऱ्यात टाकता येत नाही. विजेवरची वस्तू घरच्या कचऱ्याच्या डब्यात घालायची नाही, हा इथला नियम आहे, आणि नवी घेताना त्याच प्रकारची जुनी परत घेणे मोठ्या दुकानांवर बंधनकारक आहे. परंतु चालती वस्तू द्यायची, हे गृहस्थांच्याने होत नाही. त्यातले फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून, सगळे पुसून, त्यावर लिनक्स घातले आहे. आता तो स्वयंपाकघरात सकाळी अभंग वाजवतो. पंखा अजून ऐकू येतो, पण टाळांत मिसळून जातो.

नवा लॅपटॉप प्रत्यक्षात कोण वापरते, हे विचारल्यास: थोरली दुपारी, धाकटा ती उठल्याबरोबर, गृहिणी जर्मनच्या बी १ परीक्षेसाठी रात्री. गृहस्थांच्या वाट्याला चार्जर लावून ठेवण्याचे काम आले आहे.

वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक पुत्र, सून व नातवंडे

ता. क. डिसेंबरात येताना "इकडून एक आणा" असे निरोप येऊ लागले आहेत. भारताच्या सीमाशुल्क नियमांप्रमाणे १८ वर्षे पूर्ण झालेल्या प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काविना आणता येतो. मोठी माणसे दोन. एक जागा गृहस्थांच्या कचेरीच्या लॅपटॉपने अडवली आहे, दुसरी मामांनी दिवाळीतच राखून ठेवली. थोरली सोळाची असल्याने तिच्या नावावर तिसरा बसत नाही. साताऱ्याच्या मावशींना तसे कळवावे. आणि भारतात घेतलेल्या लॅपटॉपवर वाय वायच्याच जागी असतो, हेही सांगावे.