नेचेवाले काका

पुण्यात शेजारचा बंगला पाडून तिथे अकरा मजले उभे राहिले, की इकडच्या तळमजल्यावरचं ऊन जातं ते कायमचं. बहुतेक लोक त्यावर आधी कोर्टात जायच्या गप्पा करतात, मग सावलीत मोगरा फुलवायच्या हट्टापायी शेणखताची पोती रिकामी करतात आणि शेवटी फरशा बसवून तिथे स्कूटर लावतात. नेचेवाले काका मात्र मनातून खूश असतात. वरच्या मजल्याचं बाथरूम गळून भिंतीला पोपडे आले, की सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडतात; पाइपाच्या सांध्यातून कुठला नेचा डोकावतोय, हे काका तो फोटो मोठा करून पाहतात. ऊन येत नाही आणि ओल जात नाही, या शहरी घरांच्या दोन्ही रडगाण्यांत ज्याचा फायदा आहे असा हा एकमेव नागरिक. म्हणून लोक त्यांना विक्षिप्त ठरवतात. माझ्या मते बागवाल्यांच्या जमातीत व्यवहारी माणूस तेवढा हाच.

पावसाळ्यात जुन्या विहिरीच्या आतल्या दगडांकडे पाहा. तिथला हंसराज कुणी लावलेला नसतो. काळीभोर, तारेसारखी देठं, पाणी ओतलं तरी कोरडी राहणारी पानं; पानाचं टोक मातीला टेकलं की तिथेच नवं रोप. बाशिंग तर झाडाच्या खोडावरच बसतं, बुडाशी कडक तपकिरी पानांची ओंजळ धरतं आणि तीत पडलेल्या पाचोळ्याचं आपलं खत आपणच करतं. सावलीत जे आपणहून येतं ते लावावं, एवढाच काकांचा सिद्धान्त. तो एका वाक्यात सांगून होतो. पण काका सुरुवात करतात ती पृथ्वीवर फुलं यायच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून. भिंतीच्या चुन्यात उगवणारा एक नेचा जमिनीतलं आर्सेनिक शोषून पानांत साठवतो, हे २००१ साली उघड झालं, इथवर ते येतात तोवर पाहुण्यांनी चहाचा कप हळूच खाली ठेवलेला असतो.

पहिला आक्षेप घरातूनच येतो: देवाला वाहायला एक फूल नाही, कसली ही बाग? पण त्या कोपऱ्यात मोगरा तरी कुठे फुलत होता? फुलपुडी तेव्हाही बाहेरूनच येत होती. दुसरा आक्षेप, की ही बाग नव्हे, आळस आहे. असं म्हणणाऱ्याने पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये येऊन पाहावं. विटांचे तुकडे, कोळसा आणि पानांचं कुजलेलं खत घातलेल्या कुंड्या काका एकमेकींना खेटून ठेवतात, खाली खडी अंथरून ती दिवसातून दोनदा भिजवतात. हंसराज तर उन्हाळ्यात वरून पार वाळतो. जीव राहतो तो मातीखालच्या खोडात. नुसत्या मातीची ती कुंडी कामवाल्या मावशींनी रिकामी समजून उचलू नये, म्हणून तिच्यावर पाटी असते: ‘झोपला आहे. हात लावू नये.’

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. ही हौस आंबोली-ताम्हिणीच्या जंगलावर पोसली जाते, असं म्हणतात, आणि पिशवी भरून नेचे उपटून आणणारे आहेतच. पण ते चोर; त्यांची पापं काकांच्या खात्यावर का मांडायची? घाटातलं रोप पुण्याच्या हवेत बहुधा जगत नाही, हे काकांना पक्कं ठाऊक असतं. ते ड्रेनेजच्या पाइपावरचं रोप प्लंबरच्या पटाशीपासून वाचवतात, नाहीतर पिकलेलं पान कागदाच्या पाकिटात ठेवून तपकिरी भुकटी झडायची वाट पाहतात. ती ओल्या विटेवर पसरून वर काचेची बरणी पालथी घालायची. कित्येक आठवड्यांनी हृदयाच्या आकाराचे हिरवे पापुद्रे दिसू लागतात. पाण्याच्या थेंबाशिवाय त्यांच्यात फलन होत नाही, आणि ओळखू येईल असा नेचा व्हायला पुढे बरेच महिने लागतात. इतका धीर असलेल्या माणसाला आळशी म्हणणं अन्यायाचं आहे, आणि चोर म्हणणं त्याहून.

तेव्हा या काकांकडे जायचा योग आला, तर बाशिंगाच्या पानामागे ओळीने आलेले ठिपके पाहून ‘कीड लागलीय, फवारा मारा’ असं कृपा करून म्हणू नका. ते बीजाणूंचे पुंजके असतात, आणि हे काकांकडून समजावून घ्यायचं तर हाताशी पाऊण तास हवा.