आभासराव

जिन्याखालची ईपीएबीएक्सची पेटी उतरवली त्या दिवशी आमच्या ऑपरेटरबाईंनी सिस्टिमवाल्याला विचारलं, "मग आता एक्स्चेंज कुठं ठेवलंय?"

"कुठंच नाही. व्हर्च्युअल आहे. म्हणजे आहे, पण तसं नाही."

बाई दर चातुर्मासात पोथी ऐकणाऱ्या. आहे-पण-नाही हे प्रकरण त्यांना नवं नव्हतं. त्यांनी सिस्टिमवाल्याचंच नाव आभासराव ठेवलं आणि पगारपत्रक सोडून ते सगळीकडे चालू झालं.

असे आभासराव हल्ली ऑफिसागणिक असतात. पुण्यात भर मे महिन्यात स्वेटर घातलेला माणूस दिसला की समजावं, सर्व्हररूममधून आलाय. गळ्यात डॉक्टरच्या नळीसारखी निळी पॅचकॉर्ड. कुठल्याही तक्रारीवर पहिलं वाक्य, "माझ्याकडून तर ओके दाखवतंय." दुसरं, "तिकीट टाका." सबंध ऑफिसचे फोन ज्यांच्या हातात, ते स्वतः फोन उचलत नाहीत. त्यांचं एक्स्टेंशन वाजून वाजून दमतं.

वस्तूला शरीर असणं हे आभासरावांना मागासलेपणाचं लक्षण वाटतं. मेल, टॅली, हजेरी, फायली, कॅमेरे अशी पाच बिऱ्हाडं त्यांनी एकाच सर्व्हरच्या चाळीत आधीच बसवली होती. सहावं फोनचं. त्यासाठी त्यांनी साहेबांना गोष्ट सांगितली. 1999 साली मार्क स्पेन्सर नावाच्या अमेरिकेतल्या एका पोराला आपल्या छोट्याशा धंद्यासाठी एक्स्चेंज घेणं परवडेना, म्हणून त्याने स्वतःच अ‍ॅस्टरिस्क नावाचा प्रोग्राम लिहिला आणि जगाला फुकट देऊन टाकला. साहेबांनी त्यातलं 'फुकट' तेवढं ऐकलं. सर्व्हर मात्र दोन घेऊ, एक बसला तर दुसरा उभा राहील, हे आभासरावांचं पुढचं वाक्य. "आभासीच आहे ना? मग दुसरा खरा कशाला?" असं म्हणत साहेबांनी एकाच सर्व्हरवर सही केली.

जुन्या पेटीवर माझं प्रेम होतं असं नाही. तिच्यामागे पालींच्या तीन पिढ्या नांदल्या. पण फोन बंद पडला की शिपाईमामा तिच्या कडेला एक थाप मारत आणि डायलटोन येई. व्हीएमला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला, थाप मारायला कड नसते, ही माझी मूळ तक्रार.

पहिला महिना बरा गेला. एक दिवस फोनवर आपलं बोलणं पलीकडे जाईना, नुसतं त्यांचं यायचं. दुसऱ्या दिवशी उलट. साहेबांच्या केबिनमध्ये समोरच्याचा आवाज तीन दिवस येत नव्हता. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण साहेब तसेही ऐकत नाहीत. मग महिनाअखेर आली. टॅलीवर आम्ही सगळे तुटून पडलो आणि फोनवरचे शब्द गळायला लागले. आभासरावांनी मला समजावलं, आणि खरं सांगतो, समजलं. यंत्र आपला आवाज सेकंदाला 8000 वेळा मोजतं, 20 मिलिसेकंदांची एक याप्रमाणे पुड्या बांधतं आणि सेकंदाला 50 पुड्या पलीकडे धाडतं. मेलला उशीर झाला तर कुणी मरत नाही, पण पुडी चुकली की अक्षर गेलं. पुड्या बांधणाऱ्याला टॅलीने मध्येच हाक मारली की तो उठून जातो.

त्या महिन्यात मी एका सप्लायरला सांगितलं, "पैसे सोमवारी मिळणार नाहीत." त्याला ऐकू गेलं, "पैसे सोमवारी मिळणार." सोमवारी दहा वाजता तो पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवून हजर. आभासराव लॉग बघून म्हणाले, "एकच टक्का पॅकेट गेली." बरोबर होतं. 'नाहीत' एवढंच गेलं होतं.

अ‍ॅस्टरिस्कबरोबर माकडांच्या किंचाळण्याची एक ध्वनिफीत खरोखरच फुकट मिळते. आभासरावांनी ती चाचणीसाठी लावली आणि काढायला विसरले. होल्डवर ठेवलेल्या गिऱ्हाइकाने बाईंना विचारलं, "आज ऑफिसात मीटिंग आहे का?"

बॅकअपचा स्नॅपशॉट त्यांनी दुपारी दीडला लावला. स्नॅपशॉट घेताना व्हीएम काही सेकंद श्वास रोखते, म्हणून कुणी बोलत नसेल ती वेळ निवडली. दीडला अख्खं ऑफिस घरी फोन करून "जेवलीस का?" विचारत असतं, हे त्यांना कोण सांगणार? तिकीट टाकावं लागलं असतं.

परवा सकाळी अकराला तो एकुलता एक सर्व्हर बसला. सहाही बिऱ्हाडं एकदम रस्त्यावर. साहेबांना आपली ती सही आठवली असावी. ते केबिनमधून बाहेर आले नाहीत. आभासराव सर्व्हररूममध्ये फरशीवर मांडी घालून बसले. व्हेंडरशी बोलून बोलून मोबाइलची बॅटरी संपली. कधी नव्हे तो स्वेटर काढून ठेवला होता. आधी मेल उठली, मग टॅली, हजेरी, आणि सव्वा वाजून गेल्यावर फोन.

पहिली घंटा वाजली ती त्यांच्याच एक्स्टेंशनवर. आम्ही सगळे बघत राहिलो. त्यांनी चक्क उचलला.

"हो आई, मोबाइल बंद पडला होता. नाही गं, अजून जेव..."

आणि ते थांबले. रिसीव्हर कानाला तसाच. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. दीड वाजला होता.