एकरकमी तडजोडीची मीमांसा

कर्ज कोठवर फेडावे, या प्रश्नाला धर्मशास्त्रकारांनी दामदुपटीचा नियम घालून, म्हणजे एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये असे सांगून, निम्मे उत्तर दिले होते. उरलेले निम्मे बँकांच्या एकरकमी परतफेड योजनेने दिले. या योजनेत बँक थकलेल्या कर्जावरील दंडव्याज, व्याज आणि प्रसंगी मुद्दलाचा काही भाग सोडते व ठरलेली रक्कम मुदतीत घेऊन खाते बंद करते. तळोदा परिसरात ऊस, केळी आणि पपई यांच्या भावावर घरातील बहुतेक वचने अवलंबून असल्याने या शास्त्राच्या अभ्यासकांची तेथे वाण पडत नाही.

शास्त्राचे पहिले सूत्र असे की, वेळेवर हप्ता भरणाऱ्यास त्यात प्रवेश नाही. अशा माणसाचे नाव शाखेत कोणाच्या लक्षात राहत नाही. थकबाकीदाराचा मात्र गट क्रमांक, मोटारसायकलचा रंग आणि सासुरवाडीचे गाव शाखाधिकाऱ्यास तोंडपाठ असते. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते, तर पीककर्जाच्या बाबतीत अल्प मुदतीच्या पिकास दोन हंगामांची आणि दीर्घ मुदतीच्या पिकास एका हंगामाची सवलत मिळते. त्यानंतर कर्जदाराची पत उतरते, परंतु भाव चढतो. 2017 च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत थकबाकीदारास दीड लाखांपर्यंत माफी मिळाली आणि त्याहून अधिक थकबाकी असलेल्याने वरची रक्कम भरल्यास शासनाने दीड लाख भरण्याचे मान्य केले; नियमित फेडणाऱ्याच्या वाट्याला परतफेडीच्या पंचवीस टक्के, तेही कमाल पंचवीस हजार, प्रोत्साहन आले. आदिवासी कुटुंबांना पावसाळ्यात हाताला काम नसताना मिळणाऱ्या खावटी कर्जाच्या बाबतीत शासनाने 2020-21 मध्ये याहून मूलगामी उपाय केला आणि कर्जाऐवजी चार हजार रुपयांचे अनुदान, निम्मे रोख व निम्मे वस्तुरूप, देऊन वसुलीचा प्रश्नच निकालात काढला.

प्रत्यक्ष वाटाघाटीची रीत सारंगखेड्याच्या घोडेबाजारासारखी असते, कारण विकणाऱ्यास विकण्याची आणि घेणाऱ्यास घेण्याची मुळीच गरज नाही, असे दोघेही शपथेवर भासवतात. कर्जदार सर्वांत जुनी चप्पल घालून शाखेत येतो, दोन वर्षांच्या अवकाळीचा वृत्तांत सांगतो आणि एक आकडा हळूच उच्चारतो; शाखाधिकारी तो ऐकून दुखावल्यासारखा दिसतो आणि सर्व अधिकार वरिष्ठ कार्यालयाकडे असल्याचे सांगतो. या संपूर्ण काळात खरा हवालदिल असतो तो जामीनदार, ज्याने कर्जातला एक रुपयाही पाहिलेला नसतो, परंतु नोटिसा मात्र सर्व वाचलेल्या असतात. प्रकरण लोकअदालतीत मिटले तर तेथील निवाड्यास दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते, त्यामुळे दोन्ही पक्षांना आपण फसलो असे आयुष्यभर निश्चिंतपणे म्हणता येते.

तडजोडीनंतरची स्थिती पूर्ण मोक्षाची नसते. पतनोंदीत अशा कर्जापुढे ‘पूर्ण फेडले’ असे न येता ‘सेटल्ड’ असा शेरा येतो, जो पुढच्या सावकारास पुरेसे सांगून जातो. रिझर्व्ह बँकेच्या जून 2023 च्या चौकटीनुसार, शेतीकर्ज वगळता, तडजोड केलेल्या कर्जदारास त्याच बँकेने किमान बारा महिने नवे कर्ज द्यावयाचे नसते. सातबाऱ्यावरील बोजाही पैसे भरल्याने आपोआप उतरत नाही. त्यासाठी बँकेचा बेबाकी दाखला घेऊन तलाठी कार्यालयात फेरफार नोंदवावा लागतो, म्हणजे बँकेने सोडलेला माणूस काही काळ महसूल खात्याच्या ताब्यात राहतो.

मूळ प्रश्न मात्र एकरकमी रक्कम आणावयाची कोठून, हा असतो आणि त्याचे उत्तर बहुधा मेहुणा असे निघते. या नव्या कर्जास कागद नसतो, मुदत नसते आणि दामदुपटीची मर्यादाही नसते. त्याचे व्याज प्रत्येक लग्नात, बारशात आणि आखाजीच्या जेवणात चारचौघांसमक्ष वसूल होते, आणि त्यावर तडजोड करण्याचा अधिकार कोणत्याही वरिष्ठ कार्यालयास नसून केवळ बायकोस असतो, जी सहसा माहेरची बाजू घेते.