वाजले किती?

अण्णा एसटीत कंडक्टर होते. कंडक्टरच्या बिल्ल्यासाठी प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागतं. बाकीचे ते दाखवतात आणि विसरतात. अण्णांनी ते चौकटीत बसवून ओटीवर टांगलं, सत्यनारायणाच्या तसबिरीला खेटून. निवृत्त झाल्यावर अख्खं वालावल ही त्यांची गाडी झाली आणि आम्ही सगळे विनातिकीट प्रवासी. असा एक अण्णा प्रत्येक वाडीत असतो. काहींच्या नशिबी तो घरातच असतो.

कुणी चक्कर येऊन पडलं की गर्दी जमते, आणि गर्दी दिसली की अण्णांमधला कंडक्टर जागा होतो. फरक एवढाच, की जन्मभर 'पुढे सरका' म्हणणारा माणूस आता 'मागे सरका, वारो येव दे' म्हणून ओरडतो. मग पहिला प्रश्न ठरलेला : "वाजले किती?" पेशंटचं नाव नाही, दुखतंय कुठे नाही, आधी वेळ. मग खिशातलं बॉलपेन काढून ती पेशंटच्याच मनगटावर लिहायची. एका लग्नात पंगतीत ठसका लागलेल्या व्याह्यांच्या हातावर 'पाऊण' लिहून ठेवलं होतं. ते घरभरणीपर्यंत गेलं नाही.

लावणीच्या दिवसांत त्यांच्या तावडीत सापडू नये. चिखलातून वर आलेल्या माणसाला 'बरा मा?' विचारायच्या आधी ते त्याची पोटरी दाबतात. ताप, लाल डोळे आणि पोटऱ्यांत ठणका, म्हणजे लेप्टोचा संशय. उंदराच्या मुताचं पाणी पायाच्या चिरांतून शिरतं, हे त्यांचं बांधावरचं कीर्तन. आता दिवसभर वाफ्यात ओणवं राहिल्यावर पोटरी कुणाची दुखत नाही? पण अंगात ताप असला आणि 'गोळी खाऊन झोपतंय' म्हटलं, की अण्णा स्वतः रिक्षा बोलावतात. भाडं अर्थात आपण द्यायचं.

दुसरं खूळ हसवण्याचं. "वायच हास बघया. आता दोनय हात वर कर. आता बोल, वालावलचो लक्ष्मीनारायण." तोंड एका बाजूला ओघळलं, एक हात खाली आला किंवा जीभ अडखळली, तर लकवा. हे सगळं खरं आहे. पण शेजारच्या नव्या सुनेला पहिल्याच दिवशी गडग्यावरून 'वायच हास बघया' म्हटल्यावर जे व्हायचं ते झालं. अण्णांच्या बायकोला दोन घरी जाऊन खुलासा करावा लागला.

खिशात पेनासोबत ॲस्पिरिनची पट्टी. छातीत गच्च, अंगाला दरदरून घाम, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात, आणि माणूस म्हणतो 'गॅस झालो, सोडो हाड'. अण्णा आधी १०८ फिरवतात, मग गोळी चालते का ते विचारून ती चावून खायला लावतात. सोडा मात्र स्वतः पिऊन टाकतात.

फुरसं चावलं तर त्यांची सगळी विद्या 'करू नको' या दोन शब्दांत मावते. कापू नको, चोखू नको, दोरी आवळू नको, मांत्रिकाकडे जाऊ नको. अंगठी काढ, हातपाय हलवू नको, दवाखान्यात चल.

आणि फुरसं सापडतं गडग्याच्या चिऱ्यांत. म्हणजे आपण भाऊंपाशी आलो. अण्णांचं घर आणि भाऊंचं घर यांच्यात एक गडगा आहे. तो कुणीतरी हातभर सरकवलाय. कुणी, हे कोर्ट ठरवतंय. भाऊ अण्णांकडे बघून हसलेले गावात कुणी पाहिलेले नाहीत. त्या दिवशी सकाळी भाऊंच्या हातून चहाचा कप निसटला, घरच्यांनी हाक मारली आणि अण्णा गडगा ओलांडून आले. आता पंचाईत. चेहरा वाकडा दिसत होता, पण अण्णांना भाऊंचा चेहरा कायम वाकडाच दिसलेला!

"आज हसू नको," अण्णा म्हणाले. "माका शिवी घाल."

भाऊंनी मनापासून घातली. रोज गडग्यावरून सणसणत येणारी ती शिवी, त्या दिवशी मधल्या अक्षरावर लडबडली.

"वाजले किती?" अण्णा ओरडले. सव्वासात. लिहिलं मनगटावर. भाऊंची बायको म्हणाली, "ती तुमची गोळी द्या मरे!" अण्णांनी खिशावर हात दाबून धरला. लकव्यात गुठळीय असू शकते, रक्तस्रावय असू शकतो. मेंदूचं सीटी स्कॅन झाल्याशिवाय ॲस्पिरिन द्यायची नाही. पाणीसुद्धा नाही, गिळता येत नसेल तर छातीत जातं. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत, म्हणून ती सव्वासातची नोंद. डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला. घरच्यांची दातखीळ बसली होती. भाऊंनी मनगट पुढे केलं.

भाऊ आता बरे आहेत. उजवा पाय जरा ओढतात, वाणी पूर्ववत. दावा चालूच आहे. तारखेला कुडाळला दोघे एकाच रिक्षाने जातात, भाडं निम्मं-निम्मं. बसल्या बसल्या अण्णा म्हणतात, "घाल बघया एक." भाऊ घालतात. अण्णा कान देऊन पूर्ण ऐकतात, मान डोलवतात आणि ड्रायव्हरला सांगतात, "चल, डबल बेल."